ध्वनिमुद्रिका, पुनःप्रयोग आणि 'कट्यार'

संगीत नाटकाच्या पुनःप्रयोगाची समीक्षा आपल्याकडे बहुधा एकाच प्रश्नापाशी थबकते : मूळ गायकनटासारखे गाणे झाले की नाही? 'कट्यार काळजात घुसली'च्या बाबतीत हा प्रश्न त्या नाटकाच्या आशयालाच छेद देणारा आहे.

पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. त्याचे मध्यवर्ती सूत्र श्रवणाचे आहे. खाँसाहेब आपली गायकी घराण्याच्या भिंतीआड राखतात आणि सदाशिव ती लपून ऐकत आत्मसात करतो. 'घेई छंद' हे एकच पद दोन भिन्न गायकींतून येते, ते केवळ वैचित्र्यासाठी नव्हे. शब्द तेच राहूनही गाण्याचा अर्थ पालटतो, हे जितेंद्र अभिषेकींच्या संगीतरचनेने तेथे युक्तिवादासारखे मांडले आहे. ध्वनिमुद्रिकेत पदे सुटी होतात. श्रोत्याला पद मिळते, प्रसंग हरवतो. शिवाय प्रयोगागणिक बदलणारी, 'वन्समोअर'ने लांबणारी गायकी मुद्रणात एका रूपात गोठते आणि तेच रूप पुढे 'मूळ' ठरते. वस्तुतः ते एका दिवसाचे गाणे.

खाँसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांडे यांनी केली, यातही एक विसंगती दडली आहे. अनेक गुरूंकडून विद्या घेतलेला, कोणत्याही एका घराण्यात न मावणारा गवई येथे घराण्याचा कडवा रखवालदार झाला. १९८३ मध्ये वसंतराव निवर्तले तेव्हा त्यांचे नातू राहुल चार वर्षांचेही नव्हते. आजोबांच्या गायकीशी त्यांचा परिचय बव्हंशी ध्वनिमुद्रणांतून आणि इतरांच्या स्मरणांतून होणे अपरिहार्य होते. २०१० च्या पुनःप्रयोगात ते खाँसाहेब झाले. म्हणजे वेष खाँसाहेबांचा, परंतु स्थान सदाशिवाचे! ('अगदी वसंतराव' ही दाद कानी आली की मला हे हटकून आठवते.)

२०१५ च्या चित्रपटात खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगावकरांचा आणि गाता गळा राहुल यांचा आहे. नटानेच गाणे हे संगीत नाटकाचे गृहीतच तेथे सुटते. त्यामुळे तो निराळा विषय होय.

पुनःप्रयोग मुद्रिकेशी ताडण्याऐवजी त्याच रात्रीच्या सदाशिवाशी ताडावा. दोघांच्या गाण्यातील अंतर प्रेक्षागृहात ऐकू येते का? जेथे दोघेही मुद्रिकाच गातात, तेथे संहितेतील ती भिंत उभीच राहत नाही आणि सदाशिवाला चोरण्याजोगेही काही उरत नाही.