'बग', 'पाय' आणि पायथन

कोटीची परीक्षा एकच: तिच्यातले दोन्ही अर्थ जिवंत हवेत. एक मेला की उरतो तो नुसता खुळखुळाट.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी या परीक्षेत चांगली उतरतात. १९४७ साली हार्वर्डच्या 'मार्क टू' यंत्रात दिव्यावर झेपावते तसले एक पाखरू अडकलेले सापडले. यंत्रातल्या दोषाला 'बग', म्हणजे किडा, म्हणण्याची रीत आधीचीच. तेव्हा ते पाखरू नोंदवहीत चिकटवून, खराखुरा किडा प्रथमच सापडला, अशा अर्थाचा शेरा मारला गेला. १९९१ साली आलेल्या 'पायथन' भाषेचे नावही अजगरावरून नव्हे, बी.बी.सी.च्या एका विनोदी कार्यक्रमावरून पडले.

अमरावती-अकोल्याच्या कानाला या शब्दांत आणखी एक अर्थ ऐकू येतो. 'बघ'ला देशावरचा गडी 'बग' म्हणतो. आमचा वऱ्हाडी म्हणतो 'पाय', आणि तो तर 'पायथन'च्या तोंडीच बसला आहे! मग दोष देशावरचा अन् तो काढणारी भाषा वऱ्हाडची, असे आमच्या प्रोग्रॅमरने खुशाल म्हणावे.

ही कोटी मला उसनी वाटत नाही. मात्र तिचे आयुष्य संगणकाच्या हाती नाही. घरी आजी नातवाला 'पाय ना रे' म्हणते आहे, तोवरच ती हसवील.