आकाशगंगा दर्शन, चहापानासह

प्रवास करण्याची मला फारशी हौस नाही. करून आल्यावर त्याविषयी बोलण्याची आहे. म्हणून कॉलेजसाठी आमच्याकडे राहिलेला भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, चल, तुला घरबसल्या आकाशगंगा दाखवतो," तेव्हा मी आधी रजा किती लागेल ते विचारले. रजा लागत नव्हती. मी खुर्ची ओढली.

‘एलिट डेंजरस’ हा केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्स कंपनीचा व्हिडिओ गेम. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांनी १९८४ साली ‘एलिट’ नावाचा गेम काढला होता, त्याचा हा २०१४ साली जन्मलेला वंशज. यात आपली आकाशगंगा खऱ्या मापाने मांडली आहे. तारे किती? ४०,००० कोटी. एवढी शून्ये दिसली की साहेबांची सही शोधायची माझी जुनी खोड आहे. यात लढाया करता येतात, व्यापार करता येतो, चाचेगिरीही करता येते. आम्ही फक्त स्थळे पाहिली. तेव्हा हे परीक्षण यात्रेकरूचे आहे, योद्ध्याचे नव्हे.

पहिले स्थळ हटन ऑर्बिटल. अल्फा सेंटॉरी म्हणजे सूर्याचा सख्खा शेजारी. तिथे एका उडीत पोचता येते. पण हे स्टेशन तिथल्या मुख्य ताऱ्यापासून ०.२२ प्रकाशवर्षे लांब! यान प्रकाशाच्या कित्येक पट वेगाने धावते, तरी तासाहून अधिक वेळ नाकासमोर बघत बसायचे. आणि तिथे ‘ॲनाकोंडा’ नावाचे महागडे यान फुकट मिळते, असे जुने खेळाडू नव्यांना सांगतात.

"मिळतं का?"

"नाही."

"तुला कसं कळलं?"

भाचा क्षणभर गप्प बसला.

"मग काय मिळतं?"

"मग."

"मग काय?"

"अरे मामा, मगच मिळतो! प्यायचा. हटन मग. तोसुद्धा विकत."

दुसरे स्थळ आकाशगंगेचे केंद्र, ‘सॅजिटेरियस ए स्टार’ हे कृष्णविवर. अंतर सुमारे २६,००० प्रकाशवर्षे. आमचे यान एका उडीत ४० प्रकाशवर्षे जाई. म्हणजे ६५० उड्या. वाटेत ताऱ्यांजवळून इंधन भरायचे, आणि प्रत्येक तारा इंधन देतोच असे नाही. नवा तारा पहिल्यांदा तुम्ही पाहिलात तर त्याला तुमचे नाव चिकटते. पण त्याची माहिती स्टेशनवर जमा केल्यावरच. आधीच यान फुटले की सगळे गेले. व्हाउचर पास होण्यापूर्वीच शाखेला आग लागावी, तसे.

इथे एक दोष नोंदवतो. बहुतेक तारे संगणकाने गणिताने रचलेले आहेत. तीनशेव्या उडीनंतर ते एकाच रबरी शिक्क्याने उमटवल्यासारखे वाटू लागतात. आणि इतके करून पोचल्यावर दिसते काय? काळोख. मागचे तारे त्याच्या कडेने वाकलेले दिसतात, तेवढेच. २०२२ साली या विवराचे जे चित्र प्रसिद्ध झाले त्यात त्याभोवती तेजाचे कडे आहे. गेममध्ये तेही नाही. पाच तास रांगेत उभे राहावे आणि गाभाऱ्यात नेमके दिवे जावेत, त्यातला प्रकार. तरी आम्ही दोघेही थोडा वेळ बोललो नाही. फोटोत हेच पाहिले असते तर पान उलटले असते. अंतर चालून आलेल्याला अंधारसुद्धा दर्शन वाटतो, ही या गेमची खरी करामत.

तिसरे स्थळ पृथ्वी. सूर्यमालेत शिरायला परमिट लागते. ते फेडरेशनच्या आरमारात ‘पेटी ऑफिसर’ हा हुद्दा मिळवल्यावर मिळते. म्हणजे स्वतःच्या घरी यायला आधी प्रमोशन! आणि आल्यावर? बिनहवेच्या असंख्य ओसाड खडकांवर यान टेकवता येते, पृथ्वीवर मात्र नाही. वरूनच बघायचे.

मी उठणार होतो. भाचा म्हणाला, "एकच राहिलंय." सूर्यापासून लांब, पार काळोखात त्याने यान थांबवले. समोर एक ताटाएवढी तबकडी आणि चार काटक्या. व्हॉयेजर १.

खऱ्या व्हॉयेजरवर सोन्याचा मुलामा दिलेली एक ध्वनिमुद्रिका आहे. तिच्यात ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यात एक मराठी. आणि गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ५ सप्टेंबर १९७७ ला यान उडाले; अकरा दिवसांनी केसरबाई गेल्या.

"कोण केसरबाई?" भाच्याने विचारले. मी मोबाइलवर भैरवी लावली. साडेतीन मिनिटे त्याने कळफलकाला हात लावला नाही. गेल्या चार वर्षांत असे घडलेले मला आठवत नाही.

तेव्हा माझा निकाल असा: भव्यतेला पन्नास गुण, आणि जिथे आपल्याआधी कोणा माणसाने काहीतरी ठेवले आहे तिथे शंभर. त्या हिशेबाने व्हॉयेजर पहिला आणि हटनचा मग दुसरा. ज्यांनी ४०,००० कोटी तारे मांडून झाल्यावर एक मगही ठेवला, त्यांना प्रवास कशाशी खातात ते कळले आहे.

भाचा आता नोकरीसाठी बंगळूरला असतो. यान त्याने अजून तिथून हलवलेले नाही, म्हणतो. परवा फोनवर मी सहज विचारले, "तिकडे चहा तरी धड मिळतो का रे?"

"मग!" तो म्हणाला.