चूक की हौस?

लग्नसराईत शिवून घेतलेली पँट दिवाळीला बाहेर काढली की कमरेला बसत नाही, हा अनुभव मला गेली वीस वर्षं नेमाने येतो. दर वेळी मी ती तावातावाने शिंप्याकडे नेतो आणि म्हणतो, "मास्तर, पँट बिघडवलीत." मास्तर शांतपणे टेप काढतात, आधी पँट मोजतात, मग मला मोजतात आणि वहीतलं जुनं माप दाखवून म्हणतात, "पँट होती तिथंच आहे, साहेब. आपणच जरा पुढं आलात." मग ती सैल करून घ्यायचे पैसे पडतात. ते मोजताना हा गृहस्थ आपल्याला लुबाडतो आहे, असं मला प्रत्येक वेळी वाटत आलं. तो लुबाडत नव्हता, हे कळायला मला भोंगवलीला घर बांधावं लागलं.

भोंगवली आमचं मूळ गाव. भोर तालुक्यात, सातारा रस्ता सोडून आत. पुण्यात बत्तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला पेन्शनीच्या कागदांबरोबर एक आजारही मिळतो. 'गावाकडे आपल्या दोन खोल्या असाव्यात' हे त्याचं पहिलं लक्षण. दुसरं लक्षण म्हणजे मिस्त्री गाठणं. तिसऱ्या लक्षणापर्यंत फंडातली शिल्लक संपलेली असते.

मिस्त्रींशी माझा जो करार झाला, तो शाळकरी वहीच्या मधल्या पानावर. त्यात पाच ओळी होत्या. 'दोन खोल्या. सैपाकघर, खिडकी मोठी. मोरी. पुढं ओटा. वर सलॅब.' खाली हातमजुरीचा आकडा आणि दोघांच्या सह्या. वाङ्मय म्हणून पाहिलं तर या कागदाला अल्पाक्षरत्वात तोड नाही. जुन्या सूत्रकारांनीसुद्धा हेवा करावा. पण सूत्रं म्हटली की भाष्यकार आले, आणि दोन भाष्यकारांचं एकमेकांशी पटल्याचं आजवर कोणी ऐकलेलं नाही. आमच्या सूत्रांचे भाष्यकार दोन. एक मी आणि एक मिस्त्री.

पहिला वाद 'खिडकी मोठी' या सूत्रावर झाला. भिंत छातीइतकी आली तेव्हा आमच्या हिने खिडकीची चौकट पाहिली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "अहो, ही खिडकी आहे की टपालाची पेटी?" मी तडक मिस्त्रींकडे गेलो.

"मिस्त्री, खिडकी चुकली."

"चुकली न्हाय तात्या. मोठीच हाय की. माझ्या घराला यापरीस बारकी हाय."

आता हे भाष्य खोडून काढणार कसं? त्यांच्या 'मोठी'त तीन फूट मावत होते, माझ्या 'मोठी'त सहा. कागदावरच्या 'मोठी'त दोन्ही मावत होते.

नंतर मोरीचा प्रसंग आला. फरशी बसली, पहिली बादली ओतली, आणि पाणी जाळीकडे न जाता दाराकडे निघालं. मी म्हटलं, "मिस्त्री, हे काय?" त्यांनी करार खिशातून काढला, उलगडला आणि वाचला. "मोरी. येवढंच लिव्हलंय. ढाळाचं काय लिव्हलंय का? ढाळ काढायचा तर फरशी उकलावी लागंल. येगळी मजुरी." खिडकीचा कागद माझ्या कामाचा नव्हता आणि मोरीचा त्यांच्या फारच कामाचा होता. कागद तोच होता, हे विशेष.

मीही कमी नव्हतो. देवळी आधी मीच पश्चिमेच्या भिंतीत सांगितली होती. पुढे आमच्या एका मेव्हण्याने ईशान्येचं माहात्म्य सांगितलं, तेव्हा मी मिस्त्रींना म्हटलं, "देवळी चुकीच्या भिंतीत झाली आहे." हे वाक्य जरा बारकाईने पाहा. 'मी चुकीच्या भिंतीत सांगितली' असं ते नाही. 'झाली आहे.' जणू देवळी रात्रीतून आपल्या पायाने चालत गेली. कारकुनी नोकरीत मी दुसरं काही शिकलो नसेन, पण कर्ता गायब करण्याची विद्या मला पक्की येते.

अशा अकरा दोषांची यादी मी सुबक अक्षरात केली. अकरावा दोष, पहिल्याच मोठ्या पावसात स्लॅब गळली, हा होता. त्यावर मिस्त्रींनी आभाळाकडे बघून सांगितलं, "पाऊसच जास्ती झाला यंदा." म्हणजे बदल आम्ही केला नाही, वरच्याने केला! भोरच्या पश्चिमेला हिरडस मावळात जो पाऊस पडतो, त्याच्या मानाने आमच्या पूर्वेकडच्या अंगाला शिंतोडेच म्हणायचे. तेवढेही या स्लॅबला जास्त होत होते. मी शेवटच्या हप्त्याचे वीस हजार अडकवून ठेवले. मिस्त्रींनी काम थांबवलं. घमेली उपडी झाली, थापी पोत्यात गेली, आणि घर बिनदाराचं, तोंड वासून उभं राहिलं.

या मुक्कामावर पुतण्या आला. तो हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तो तिथे नेमकं काय करतो, हे मी पाच वर्षांत अनेकदा विचारलं आणि प्रत्येक वेळी निराळं उत्तर समजलो. त्या दिवशी मात्र माझी यादी वाचून तो सिमेंटच्या पोत्यावर बसला आणि पोट धरून हसला.

"काका, तुम्ही तर आमचे क्लायंट आहात!"

तेव्हा कळलं, की हा मुलगा दिवसभर मिस्त्रीच आहे. फरक एवढाच, की त्याच्या भिंती दिसत नाहीत. त्यांच्याकडे माल दिला की गिऱ्हाईक तक्रार करतं. तक्रार दोन प्रकारची. 'डिफेक्ट', म्हणजे ठरलं तसं झालेलं नाही. ते फुकट दुरुस्त करायचं. आणि 'चेंज रिक्वेस्ट', म्हणजे ठरलं होतं तसं झालं आहे, पण आता निराळं हवं आहे. त्याचे दिवस वेगळे आणि पैसे वेगळे. गिऱ्हाईक प्रत्येक गोष्टीला डिफेक्ट म्हणतं, कंपनी प्रत्येक गोष्टीला चेंज म्हणते, आणि मधल्या मध्ये पुतण्याची संध्याकाळची बस चुकते. "तीन-तीन तास मीटिंग चालते, काका. काम दुरुस्त करायला वीस मिनिटं लागतात. त्याला काय म्हणायचं, ते ठरवायला तीन तास."

"मग एवढ्यात दुरुस्त करून का टाकत नाही?"

"कारण नाव ठरलं की बिल ठरतं."

एवढं खरं वाक्य मी सरकारी कचेरीत बत्तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. भांडण भिंतीचं नसतंच. भांडण नावाचं असतं. 'चूक' म्हटलं की भुर्दंड करणाऱ्यावर, 'बदल' म्हटलं की सांगणाऱ्यावर. म्हणून जगातलं प्रत्येक गिऱ्हाईक आपल्या हौसेला दुसऱ्याची चूक म्हणतं, आणि प्रत्येक कारागीर आपल्या चुकीला दुसऱ्याची हौस म्हणतो. काही धोरणी कंत्राटदार तर काम स्वस्तात घेतात ते याच भरवशावर. मूळ कामात पाणी सुटलं तरी बदलांत लोणी निघतं, हे त्यांना ठाऊक असतं.

कायद्यानेही ही दोन नावं निराळी ठेवली आहेत. २०१६ च्या रिअल इस्टेट कायद्याचं, म्हणजे आपल्या 'रेरा'चं, चौदावं कलम पाहा. एकाच कलमात दोन्ही बसवली आहेत. तुमच्या फ्लॅटच्या मंजूर नकाशात बिल्डरला बदल करायचा असेल तर तुमची संमती हवी, आणि सगळ्या इमारतीच्या आराखड्यात करायचा असेल तर दोन-तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती हवी. हा झाला बदल. आणि ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष दाखवून दिला, तर तो बिल्डरने तीस दिवसांत, एक पैसा न घेता दुरुस्त करायचा. हा झाला दोष. गंमत अशी, की या कायद्यात बदलाची हौस बिल्डरला आलेली असते आणि धास्ती गिऱ्हाइकाला. आमच्या दोन खोल्यांना हा कायदा लागू नव्हता. अक्कल लागू व्हायला मात्र हरकत नव्हती.

पण पुतण्याची दोन नावं मला पुरेनात. मी विचारलं, "मोरीच्या ढाळाचं काय? कागदात नाही, म्हणजे तो बदल?" तो घुटमळला. त्याच्याकडेही असले प्रकार होतात म्हणे. बटण दाबल्यावर ते चालावं, असं कागदात कोणी लिहिलेलं नसतं. मग आम्ही माझ्या यादीच्या पाठीमागे तीन रकाने पाडले. पहिला, सांगितलं तसं झालं नाही. दुसरा, सांगितलंच नव्हतं. आणि तिसरा, सांगायची गरजच नव्हती.

हा तिसरा रकाना म्हणजे खरी मेख. मोरीचं पाणी जाळीकडे जावं, स्लॅब गळू नये, दार उघडावं आणि उघडलेलं मिटावं, या गोष्टी कोणी करारात लिहीत नाही. त्या लिहाव्या लागल्या, तर समजावं की माणूस चुकीचा निवडला. जो कारागीर 'कागदात नाही' म्हणून ढाळ सोडतो, तो कागदाच्या मागे लपतो. कागद कितीही लांब केला तरी त्याला लपायला जागा वाढतेच.

दुसऱ्या दिवशी भोरला सामान आणायला गेलो आणि पुतण्याला भाटघरचं धरण दाखवलं. येळवंडीवर इथे एकोणिसाव्या शतकातलं जुनं धरण होतं. ते नीरेच्या डाव्या कालव्याला पाणी देत होतं. पुढे उजवा कालवा काढायचं ठरलं आणि पाणी अपुरं पडणार हे दिसलं. जुनं धरण बिघडलं म्हणून कोणी बांधणाऱ्याच्या नावाने शंख केला नाही. गरज वाढली आहे, हे ओळखून नवीन, मोठं धरण बांधलं. गव्हर्नर लॉईड यांचं नाव दिलेलं हे धरण १९२८ साली पुरं झालं. हौसेला हौस म्हणून तिचा खर्च वेगळा मांडला, की अशी भिंत उभी राहते.

आणि डोंगरापलीकडे, वेल्ह्याच्या अंगाला, पानशेत. तिथे विमोचकाचं काम पुरं व्हायचं होतं, तेवढ्यात पावसाळा आला आणि धरण भरलं. १२ जुलै १९६१ ला ते फुटलं. पाठोपाठ खडकवासला फुटलं, आणि पुणं बुडालं. पूर ओसरल्यावर भिंतींवर उरलेल्या पाण्याच्या रेषा ज्यांनी पाहिल्या, ती माणसं पुढे वर्षानुवर्षं हात वर करून दाखवत, 'इथवर आलं होतं.' धरण फुटू नये, हे कोणत्या करारात लिहिलेलं असतं? ते तिसऱ्या रकान्यातलं. त्या रकान्याचा हिशोब पैशांत होत नाही. परतीच्या वाटेवर आम्ही दोघंही फारसं बोललो नाही.

संध्याकाळी माझे अकरा 'दोष' आम्ही तीन रकान्यांत वाटले. पहिल्या रकान्यात एकच आला. ओटा ठरल्यापेक्षा वीतभर आखूड होता. तिसऱ्यात तीन आले. ढाळ, गळती आणि न मिटणारं मागचं दार. उरलेले सातच्या सात दुसऱ्या रकान्यात! देवळी, दुसरी पायरी, माळ्याची उंची, सगळ्या आमच्या हौशी. खिडकीला मी चौथा रकाना मागितला. पुतण्या म्हणाला, "काका, 'मोठी' कोणी लिहिलं?" मी लिहिलं होतं. ती दुसऱ्यातच राहिली.

म्हणजे ज्या माणसाचे वीस हजार मी अडकवले होते, त्याने माझ्या सात हौशींपैकी पाच आधीच फुकटात पुरवल्या होत्या. शिवाय त्या वीस हजारांतून त्याला दोन बिगाऱ्यांची थकलेली मजुरी द्यायची होती, हे मला नंतर कळलं. चुकीची यादी करणाऱ्या माणसाचीच यादीत सर्वांत मोठी चूक होती, आणि तीच तेवढी लिहायची राहिली होती.

मी मिस्त्रींच्या घरी गेलो. कागद पुढे ठेवला. म्हटलं, "हे सात माझे. यांची मजुरी सांगा. हे चार तुमचे."

मिस्त्रींनी कागद बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "ढाळ माझाच चुकला, तात्या. त्या दिशी पोरगं आजारी व्हतं, ध्यान न्हवतं. म्हणायला जीभ उचलंना." थोडं थांबून म्हणाले, "देवळीचं काय घेऊ नगा. देवाचं काम हाय."

"घ्यायचं," मी म्हटलं. "देव माझ्याकडे राहणार, तुमच्याकडे नाही."

दिवाळीला आम्ही नव्या घरात होतो. मोरीचं पाणी जाळीत जातं. खिडकी सहा फुटांची आहे, वेगळे पैसे देऊन. पहिल्याच सकाळी ऊन थेट आत आलं आणि आमची ही डोळ्यांवर पदर धरून म्हणाली, "अहो, ही खिडकी जरा चुकलीच, नाही?"

मी काही बोललो नाही. कोरा कागद घेतला, वर तारीख घातली, 'बदल क्रमांक १' असं लिहिलं, आणि सहीसाठी तिच्यापुढे धरला. तिने तो वाचला, चार घड्या घातल्या आणि डळमळणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला.

टेबल तेव्हापासून डळमळत नाही.