रसमंजरीचीं बसोहली चित्रें : पानाची पाठ

संग्राहकांच्या याद्यांत 'महालांत विसावलेली स्त्री' असा मथळा पुष्कळ पहाडी चित्रांस दिलेला आढळतो. डोळ्यांस दिसतें तेवढेंच हा मथळा सांगतो. चित्राचा विषय सांगत नाहीं. बसोहलीच्या रसमंजरीच्या पानांवरून हा भेद स्पष्ट होतो, म्हणून त्यांचा येथें विचार करूं.

भानुदत्ताची 'रसमंजरी' हा नायक-नायिकांचें वर्गीकरण करणारा संस्कृत ग्रंथ होय. बसोहलीचा राजा कृपालपाल याजकरितां चित्रकार देवीदास यानें या ग्रंथाचीं चित्रें विक्रम संवत् १७५२ (इ. स. १६९४-९५) मध्यें पुरीं केलीं. स्थळ, राजा, चित्रकार व संवत् हीं चारही समाप्तिलेखांत मिळतात. पहाडी चित्रांच्या कालनिर्णयास इतका भक्कम आधार क्वचितच लाभतो. पुढें हीं पानें विखुरलीं. शिवपार्वती सारीपाट खेळत आहेत असें त्यांतील एक पान न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत आहे.

या शैलींत दालन सपाट, भडक रंगाचें असतें. कोनाड्यांत सुरया, खालीं लोड, वर आकाशाची अरुंद पट्टी, भोंवतीं तांबडी चौकट. चेहरा ठरीव व डोळा मोठा. मुखावर भाव उमटविण्यांत हे चित्रकार तोकडे पडतात, असा आक्षेप घेतां येईल. परंतु तो भाव त्यांनीं मुखावर शोधलाच नाहीं. रंग, रिकामी जागा आणि हाताची ठेवण यांवर त्यांनीं तो सोंपविला आहे. आमच्या मतें हेंच त्यांचें सामर्थ्य होय.

मात्र या सामर्थ्यास मर्यादा आहे. प्रियकर आज येणार अशा निश्चयानें जी शृंगाराची सिद्धता करते ती वासकसज्जा. तो संकेतस्थळीं कां आला नाहीं याचें कारण जी मनांत शोधते ती उत्का. दोघीही त्याच दालनांत, त्याच अलंकारांनीं बसलेल्या असूं शकतात. एकीची आशा व दुसरीची चिंता यांचा निर्णय शेवटीं पानाच्या पाठीवरील श्लोकच करतो.

उलटपक्षीं, केवळ श्लोकावर विसंबूनही भागत नाहीं. बसोहलीच्याच आधींच्या चित्रमालेंत (सुमारें इ. स. १६६०-७०) नायक श्रीकृष्ण आहे, देवीदासानें त्याच्या जागीं साधा मानवी नायक घेतला. ग्रंथ एकच, पण अर्थ दोन. अशा वेळीं चित्रकार हाही टीकाकारच ठरतो.

हा प्रश्न महाराष्ट्रासही परका नाहीं. याच ग्रंथाची एक सचित्र प्रत इ. स. १६५० त, तेव्हांच्या औरंगाबादेस, एका राजपूत सरदाराकरितां तयार झाली होती. यास्तव संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, सुटें पान हातीं येतांच तें पुठ्ठ्यावर चिकटवूं नये. दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घ्यावींत आणि श्लोकाची अक्षरशः नक्कल करून ठेवावी. पाठ झांकली गेली कीं नायिका नाहींशी होते. उरते ती केवळ एक बसलेली स्त्री.