मालवणी क्रियारूपांचे पृथक्करण

मालवणच्या बोलीतील ‘माका’ हे ‘मला’चे आणि ‘करूक’ हे ‘करायला’चे अपभ्रष्ट रूप होय, असे मत सुशिक्षितांतही आढळते. शब्दांतील सार्थ घटक, म्हणजेच पदिम, वेगळे करून पाहिले असता ते टिकत नाही.

‘माका’तील ‘का’ हा ‘ला’चा बिघाड नसून चतुर्थीचा निराळा प्रत्यय आहे. नामांना तो ‘क’ या रूपात लागतो : घराक, बाजाराक. हिंदीतील ‘को’ व बंगालीतील ‘के’ यांचे कार्यही हेच आहे. ‘करूक’, ‘बसूक’ या रूपांतही हाच ‘क’ दिसतो. धातू स्वरान्त असल्यास ‘ऊ’च्या जागी ‘व’ येतो : जावक, खावक. ‘करायला’ हे रूपही धातुसाधित व चतुर्थीचा प्रत्यय यांच्या योगानेच सिद्ध होते. दोहोंचा आराखडा एक, सामग्री मात्र ज्याची त्याची.

येथवर पृथक्करण सुकर आहे. परंतु सर्वच रूपे इतकी सरळ सुटत नाहीत. तुर्की भाषेत ‘एवलेर्दे’ म्हणजे ‘घरांत’. त्यात ‘एव’ म्हणजे घर, ‘लेर्’ अनेकवचनाचा, ‘दे’ अधिकरणाचा. एकेका अर्थास एकेक घटक. मराठीतील ‘घरांत’मध्ये मात्र अनेकवचन आणि सामान्यरूप ही दोन्ही एकाच ‘आं’त सामावतात.

खरी कसोटी लागते ती मालवणी भविष्यकाळात. ‘तो येता’ हा वर्तमान, ‘तो इलो’ हा भूत, ‘तो येतलो’ हा भविष्य. प्रमाण मराठीच्या सवयीने ‘त’ वर्तमानाचा व ‘ल’ भूताचा मानला, तर वर्तमान आणि भूत यांच्या बेरजेने भविष्यकाळ झाला, असा विपरीत निष्कर्ष पदरी पडतो. दोष बोलीचा नव्हे, कापण्याच्या रीतीचा आहे. ‘ल’ हा मुळात विशेषणे साधणारा प्रत्यय. ‘पुढला’, ‘पहिला’ या प्रमाण मराठीतील शब्दांत भूतकाळाचा मागमूसही नाही. ‘इलो’ आणि ‘येतलो’ यांच्या परस्परविरोधातून पाहता मालवणीत ‘तल’ हा जोडघटकच भविष्याचा वाचक ठरतो. घटकाचा अर्थ त्याच्याच भाषेतील विरोधांवरून ठरतो. शेजारच्या भाषेतून तो उसना आणता येत नाही.

अ. मा. घाटगे यांनी मालवणच्या शेजारच्या कुडाळी बोलीचे स्वतंत्र वर्णन १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. बोलीचे व्याकरण बोलीतूनच काढावे, या दृष्टीने अशा वर्णनांचे मोल मोठे आहे.

प्रश्न केवळ शास्त्रीय नाही. मालवणीत ‘तो येतलो’, ‘ती येतली’ असा लिंगभेद क्रियापदातच व्यक्त होतो. प्रमाण मराठीतील ‘येईल’मध्ये तो नाही. ‘येतलो’ खोडून ‘येईल’ लिहावयास लावणारा शिक्षक चूक दुरुस्त केल्याचे समाधान मानतो. प्रत्यक्षात तो एक व्याकरण बाजूस सारून दुसरे शिकवीत असतो. दुसरे शिकविणे आवश्यकच आहे. पहिल्यास अशुद्ध म्हणण्यास मात्र पृथक्करणात आधार सापडत नाही.