ब्रॉडवेची तिरपी रेघ

रंगीत चौकोनांशी आपलं काय देणंघेणं, असं एका दोस्तानं विचारलं. म्हणून लिहितोय.

पीट मोंद्रियान हा डच चित्रकार. युद्धाच्या बॉम्बमधून निसटून १९४० साली, वयाच्या ६८ व्या वर्षी न्यूयॉर्कला आला. तिथं १९४२-४३ मध्ये त्यानं 'ब्रॉडवे बुगी-वुगी' रंगवलं. १२७ सेंटिमीटर बाजूचा चौरस. पांढुरक्या जमिनीवर उभ्या-आडव्या पिवळ्या रेघा, त्यांवर लाल, निळे, करडे तुकडे. त्या शहराचे रस्तेच ते. मी साच्यावरचा माणूस. छापील चित्र बघितलं तेव्हा आधी चौकडीचं कापडच आठवलं. पण हे कापड गप्प बसत नाही. तुकडे डोळ्यांपुढं उड्या मारतात.

ह्या उड्या आल्या कुठून? बुगी-वुगी हे काळ्या माणसांचं संगीत. पियानोवर डावा हात तोच ठेका पुन्हा पुन्हा धरतो, साच्यासारखा. उजवा हात त्यावर मोकळा सुटतो. कॅफे सोसायटी ह्या क्लबात काळे-गोरे एकत्र बसत. तिथं अल्बर्ट अमन्स, मीड लक्स लुईस, पीट जॉन्सन हे वाजवायचे. मोंद्रियान ऐकायला जायचा. वीस वर्षं ज्या काळ्या रेघेत त्यानं रंग कोंडले, ती रेघच या चित्रात टाकून दिली. म्हातारपणी, काळ्यांचं ऐकून, स्वतःचीच चौकट मोडली. ह्याला माझा मान आहे.

भांडण पुढं आहे. मॅनहॅटनचे रस्ते १८११ च्या आराखड्यानं काटकोनात बसवले. ब्रॉडवे त्यात बसत नाही. तो तिरपा कापत जातो, कारण तो आराखड्याच्या आधीचा. त्याचा जुना भाग तिथल्या मूळ रहिवाशांच्या पायवाटेवरून गेलाय. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेही ह्याच ब्रॉडवेला लागून.

आता चित्रात ब्रॉडवे शोधा. नाव आहे. तिरपी रेघ एकही नाही. मोंद्रियानला ती चालतच नव्हती. तिच्यावरून तो जुन्या सोबत्यापासूनही तुटला होता. म्हणजे ठेका घेतला आणि पायवाट सरळ करून टाकली.

आपल्या कवितेचं दुसरं काय होतं? ठेका आवडतो, पाठ थोपटतात, आणि मग म्हणतात, भाषा तेवढी सरळ करून आणा.

दोस्तहो, चित्र बघाच. त्यातला ठेका खरा आहे. फक्त बघताना ती राहिलेली रेघ आपल्या बोटानं ओढून बघा.

जय भीम.