वाघाचा सिनेमा, रोह्याचा पंचनामा

अमित मसुरकरचा 'शेरनी' जून २०२१ मध्ये थेट प्राइम व्हिडिओवर आला. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांनी तो मोबाइलवरच पाहिला, जंगलाचा अंधार अर्ध्या ब्राइटनेसवर. तेव्हा चर्चा झाली ती विद्या बालनच्या संयमाची. आरडाओरडा न करणारी, डायलॉग न फेकणारी वन अधिकारी हिंदी सिनेमाला नवीन होती, आणि ती स्तुती रास्तच होती. पण पिंपळगाव राजाकडून, म्हणजे खामगाव तालुक्यातल्या कपाशी-सोयाबीनच्या गावाकडून हा सिनेमा पाहिला की एक प्रश्न सुटत नाही. माणूस आणि वन्यप्राणी यांच्यातलं भांडण सोडवायचं सरकारी काम ज्याच्या गळ्यात पडतं, तो माणूस दिवसभर करतो काय? आपल्या गोष्टींना ते काम दाखवता येतं का? की त्यांना फक्त वाघ दाखवता येतो?

'शेरनी' या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जातो, हे आधी कबूल करायला हवं. आस्था टिकूच्या पटकथेत वाघीण फार थोडा वेळ दिसते. दिसतात त्या मीटिंगा. ब्रिजेंद्र कालाने केलेला बन्सल हा वरिष्ठ अधिकारी ऑफिसात हवन घालतो आणि पुढाऱ्यांचा जमाव चालून आला की लपायला जागा शोधतो. मसुरकरने 'न्यूटन'मध्ये निवडणूक अधिकारी जंगलात पाठवला होता, इथे वन अधिकारी पाठवलाय. दोन्हीकडे त्याला खरा रस आहे तो फाइल आणि जमीन एकमेकींना भिडतात त्या जागेत.

या सिनेमातली माझ्या मते सर्वात महत्त्वाची गोष्ट वाघाची नाहीच. गावाच्या चराईच्या जमिनीवर वनखात्याने सागवान लावलंय, म्हणून गुरं घेऊन लोकांना आणखी आत जावं लागतं, आणि आत वाघीण आहे. मृत्यूचं कारण पंजा नसून वृक्षारोपणाचा नकाशा आहे. हे दोन-तीन संवादांत येतं आणि निघून जातं, पण ज्याने गावात गायरानावरून झालेली भांडणं पाहिलीयत त्याच्या ते बरोबर कानात राहतं. तसंच तांब्याच्या खाणीचं. वाघिणीला नॅशनल पार्ककडे जायचंय आणि मध्ये खड्डा आहे. इथपर्यंत 'शेरनी' खरंच व्यवस्थापनाचा सिनेमा आहे.

मग त्याला खलनायक लागतो. शरत सक्सेनाचा शिकारी पिंटू आला की सगळा गुंता सोपा होतो. बंदूक वाईट माणसाकडे, कळवळा चांगल्या बाईकडे. विद्या व्हिन्सेंटला शेवटपर्यंत कुठल्याही कागदावर सही करावी लागत नाही.

ज्या घटनेची सावली या सिनेमावर आहे तिथे असं नव्हतं. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा-राळेगाव भागात टी-१, म्हणजे लोकांच्या तोंडी 'अवनी', हिच्या नावावर तेरा माणसांचे मृत्यू लावले गेले होते. आधी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न करा, नाहीच जमलं तर गोळी घाला, असा आदेश वनखात्यानेच काढला होता. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री, बोराटीजवळ, खात्याने बोलावलेल्या शिकाऱ्याच्या मुलाने तिला मारलं. त्या रात्री नियम मोडले गेले, हे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीतही आलं. पण त्याआधीची सही सरकारी होती, आणि ती करणाऱ्यांत वाघावर प्रेम करणारी माणसंही असणारच. माझ्या दृष्टीने खरं नाट्य त्या सहीत आहे. वाघ वाचवायला खात्यात आलेल्या माणसाने वाघ मारायचा आदेश कसा लिहिला असेल? आधी कुठली वाक्यं खोडली असतील? 'शेरनी' आपल्या नायिकेचे हात स्वच्छ ठेवतो आणि तिथेच पात्र म्हणून तिला लहान करतो.

गंमत म्हणजे खरी मोहीम सिनेमापेक्षा जास्त चमत्कारिक होती. हत्ती आणले, त्यातला एक सुटला आणि त्याने एका बाईचा जीव घेतला. कुत्री घेऊन एक प्रसिद्ध गोल्फपटू आला. वाघिणीला ओढून आणायला परदेशी परफ्यूम शिंपडलं. पटकथेत हे लिहिलं असतं तर 'जरा अती होतंय' म्हणून कापलं गेलं असतं.

आणि ती मेल्यावर आसपासच्या गावांत फटाके वाजले, मिठाई वाटली गेली. शहरात त्याच आठवड्यात मेणबत्त्या लागल्या. आपल्या टाइमलाइनवर मेणबत्त्या जास्त आल्या, कारण फोन तिकडे जास्त आहेत. मिठाई वाटणारी माणसं क्रूर नव्हती. दोन वर्षं संध्याकाळनंतर घराबाहेर पडायला घाबरलेली होती. या आनंदाचं काय करायचं हे आपल्या एकाही कलाकृतीला अजून कळलेलं नाही. 'शेरनी'ही त्याच्या मुळाशी जात नाही. तिथला लोकांचा राग बराचसा पुढाऱ्यांनी भडकवलेला वाटतो, आणि हे गावावर अन्याय करणारं आहे.

मराठीत याआधी 'आजोबा' येऊन गेला होता. सुजय डहाकेचा, मे २०१४ चा. उर्मिला मातोंडकरने त्यात पूर्वा राव ही संशोधक केली. ही भूमिका विद्या अत्रेय यांच्या कामावर बेतलेली. खरा 'आजोबा' हा बिबट्या नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत सापडला. २००९ मध्ये गळ्यात कॉलर घालून त्याला माळशेज घाटात सोडलं आणि तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या वेशीवर पोहोचला. चालणारा बिबट्या म्हणजे सिनेमाला आयतीच गोष्ट, आणि चित्रपटाचं मनही त्या प्रवासातच गुंततं.

पण त्या चालण्याच्या मागे एक शांत आणि जास्त भीतीदायक गोष्ट होती. जुन्नरला २००१ पासून बिबटे पकडून सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलात नेऊन सोडायचा कार्यक्रम राबवला गेला. हेतू चांगला. लोकही खूश, कारण पिंजरा लागला म्हणजे सरकार काहीतरी करतंय. अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसलं ते असं: आधी वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, कार्यक्रम सुरू झाल्यावर १७ झाले. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर आणखी बिथरतं. म्हणजे उपायानेच दुखणं वाढवलं होतं. आता विचार करा, हे आकडे घेऊन एखादी संशोधक त्याच खात्याच्या टेबलासमोर बसते तो प्रसंग. समोरच्या माणसाने हा कार्यक्रम मनापासून चालवलाय. तो काय म्हणतो? खातं आपलं मत कसं बदलतं? 'आजोबा'ने या खोलीत जास्त वेळ थांबायला हवं होतं. तो घाटात कॅमेरा लावून बसला.

मत बदलण्याचं एक उदाहरण मुंबईत आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०११ मध्ये सुनील लिमये यांच्या पुढाकाराने 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू झाला. कचरा, भटकी कुत्री, रात्री बाहेर पडताना सोबत हे सगळं त्यात होतंच. मला लक्षणीय वाटतं ते पत्रकारांबरोबर घेतलेल्या कार्यशाळांचं. बिबट्या दिसणं म्हणजे हल्ला नव्हे, एवढं साधं वाक्य बातमीत यायला एका सरकारी कार्यालयाला मेहनत करावी लागली. आपले मथळे आठवून पाहा: बिबट्या 'घुसला', बिबट्याचा 'धुमाकूळ', 'नरभक्षक'. शेतात जन्मलेला, उसात वाढलेला बिबट्या 'घुसतो' कुठून? शब्द निवडला तिथेच निम्मा निकाल लागलेला असतो.

इथे मारुती चितमपल्ली आठवतातच. वनखात्यातल्याच या माणसाने मराठीला जंगलाचे शब्द दिले. कावळ्यांच्या विणीच्या वसाहतीला 'काकागार' म्हणावं हे आपल्याला त्यांच्यामुळे कळलं. पण मराठी वाचकाच्या मनातला वन अधिकारी तिथेच थांबलाय: पक्ष्यांची नावं सांगणारा, झाडाखाली वही उघडून बसलेला, थोडासा ऋषी. भांडणाची भाषा मात्र आपण वर्तमानपत्राच्या जिल्हा पुरवणीवर सोडून दिली.

बुलढाण्याने त्या पुरवणीचा एक हंगाम पाहिलाय. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला टी-१ सी-१ हा तरुण वाघ २०१९ च्या जूनमध्ये निघाला आणि शेतं, नाले, रस्ते ओलांडत डिसेंबरात ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन थांबला. नऊ महिन्यांत त्याची तीन हजार किलोमीटरांहून जास्त चाल कॉलरवर नोंदली गेली. तो बहुतेक रात्रीच चालला, माणसांशी त्याचा जवळजवळ संबंधच आला नाही. बातम्यांनी मात्र त्याला लगेच नवरदेव केलं: जोडीदारीण शोधायला निघालेला बिचारा. व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्याकडच्या लग्नाळू पोरांशी त्याची तुलना झाली (विनोद बरे होते, खोटं कशाला बोलू). त्याच्यासाठी वाघीण आणायची का, यावर गंभीर चर्चा झाली. आणली नाही. लव्हस्टोरीचा शेवट म्हणून हे फुसकं, निर्णय म्हणून शहाणं. सुमारे दोनशे चौरस किलोमीटरचं अभयारण्य, भोवती गावंच गावं. तिथे वाघांचं कुटुंब वसवलं तर पुढचा पंचनामा कोणाच्या गोठ्यात होणार, हे कुणीतरी आधी पाहिलं असणार. पुढे २०२१ मध्ये तो औरंगाबादकडच्या गौताळ्यात दिसला.

वाघ आला आणि गेला. पिंपळगाव राजाच्या शिवारात रोज येतो तो रोही, शहरात ज्याला नीलगाय म्हणतात तो. आणि रानडुकरं. हरभरा घाट्यावर आला, मका दाण्यात आला की जागलीला जावं लागतं. शेतीपंपाची वीज रात्रपाळीची असली की ओलितासाठी तसंही रात्रीच शेतात असावं लागतं, आणि अभयारण्याच्या कडेच्या गावांत त्याच अंधारात अस्वल गाठ घालू शकतं. इथे संघर्षाची वेळ महावितरणचं वेळापत्रक ठरवतं. सकाळी आडवं झालेलं पीक दिसलं की अर्ज, मग वनरक्षक, तलाठी, कृषी सहायक, मग पंचनामा. किती क्षेत्र, किती टक्के, रोही की डुक्कर, खुरांचे ठसे कुठले. एखाद्या लेखकाने हा कागद एकदा नीट वाचावा. एका रात्रीचं नुकसान टक्क्यांत बसवताना दोन्ही बाजूंची माणसं कशी घासाघीस करतात, शेतकरी काय वाढवून सांगतो, वनरक्षक काय मुद्दाम पाहत नाही, आणि उद्या पुन्हा याच गावात यायचंय म्हणून तो कुठे नमतो. आपण ज्याला 'संघर्ष व्यवस्थापन' म्हणतो त्यातला मोठा हिस्सा हा आहे, आणि त्यावर सिनेमा नाही, कादंबरीही मला आठवत नाही. रोह्याला बघायला कोणी सफारीचं तिकीट काढत नाही, म्हणून असेल.

'शेरनी'च्या शेवटी विद्याची बदली प्राणी संग्रहालयात होते. काचेआड पेंढा भरलेली जनावरं, त्यांच्यावरून सरकणारा कॅमेरा. शॉट सुंदर आहे आणि समीक्षकांनी त्याचं भरपूर कौतुक केलं. मला त्या वेळी तिचं जुनं ऑफिस पाहायचं होतं. त्या खुर्चीत दुसऱ्या दिवशी कोणीतरी नवीन येऊन बसलं असेल. वाघिणीचे बछडे वाचवायला जिने मदत केली ती गावातली ज्योती कदाचित बाहेरच्या बाकावर थांबली असेल, चराईच्या जमिनीवरचं सागवान कधी काढणार ते विचारायला.